स्टेंट स्वस्त झाला, मग बिल काहून नाही?

नागपुरात धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्याच्या बिलिंग काउंटरवर मी २२ वर्षं काढली. आता निवृत्त आहे, पण लोकांच्या लेखी मी अजून खिडकीमागेच. लग्नाच्या पंगतीत शेजारचा ताटावरून वाकतो आणि विचारतो, "काका, स्टेंटचे भाव तं सरकारनं पाडले ना? मंग बिल काहून नाही उतरलं?"

स्टेंट म्हणजे ॲन्जिओप्लास्टीत हृदयाची आकसलेली नळी उघडी ठेवायला बसवतात ती बारीक जाळी. आणि बिल उतरलं होतं. थोडे दिवस.

फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधांच्या किमती ठरवणाऱ्या राष्ट्रीय प्राधिकरणानं कमाल भाव बांधले. साधा स्टेंट ७,२६० रुपये, औषधाचा लेप असलेला २९,६००, कर वेगळा. त्याआधी लेपवाल्याचे लाखाच्या वर लागायचे. शिवाय बिलात स्टेंटची किंमत, कंपनी, बॅच नंबर स्वतंत्र दाखवा, असा हुकूम. त्या आठवड्यात छिंदवाड्याच्या एका शेतकऱ्यानं बिल उलटंपालटं करून पाहिलं आणि घाबरत विचारलं, "साहब, कुछ छूट तो नहीं गया?"

सुटलं काही नव्हतं. पण आमच्याकडे स्टेंटच्या नफ्यावरच बराच डोलारा उभा होता. सगळ्यात मोठा नफा दवाखान्याच्या टप्प्यावर आहे, हे प्राधिकरणानंही जाहीर केलेलं. तो आटला आणि माझ्या टेबलावर नवी दरपत्रकं येऊ लागली. आधी कॅथलॅबचा, म्हणजे स्टेंट बसवतात त्या खोलीचा चार्ज वाढला, मग नळी रुंद करायच्या बलूनचा, वायरचा, आयसीयूचा. त्यांचे भाव कुणी बांधले नव्हते. वर्षभरात एकूण रक्कम बरीचशी परत चढली. ती मीच टाइप करत होतो.

मग निर्णय वाया गेला का? नाही. पूर्वी पैशांअभावी साधा स्टेंट घेणारे लेपवाला घेऊ लागले. साध्यात नळी पुन्हा आकसण्याचं प्रमाण जास्त. काही महिन्यांत तोच माणूस परत टेबलावर. ते दुसरं बिल टळलं, पण टळलेलं बिल छापून कोणाच्या हातात देणार?

सरकारी योजनेत मात्र वेगळीच गंमत. दवाखान्यातले उपचार मोफत देणारी राज्याची जीवनदायी योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर, २०१७ पासून तिचं नाव महात्मा फुले. कुटुंबाला वर्षाकाठी दीड लाखाची मर्यादा होती, ती पुढे पाच लाख केली. ॲन्जिओप्लास्टीचं टेन्शन गेलं. पण घरी गेल्यावर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या साधारण वर्षभर, कोलेस्टेरॉलची जन्मभर. त्यातल्या बहुतेक दिवसांचे पैसे खिशातूनच. लाखाचं काम फुकट झालेला माणूस पाचशेच्या गोळ्यांपाशी अडतो.

माझाच मेव्हणा, महालात राहतो. चौथ्या महिन्यात गोळ्या बंद. का, तर "बरं वाटून राह्यलं ना भाऊजी!" स्टेंटमध्ये गुठळी झाली आणि रात्री दोनला गाडी काढावी लागली. ते बिल पहिल्यापेक्षा मोठं होतं, आणि यावेळी मी खिडकीच्या अलीकडे.

आता कुणी म्हणेल, आधीपासूनच सगळ्यांना बीपीच्या गोळ्या द्या, देशाचा खर्च वाचेल. मी तसं छातीठोक सांगणार नाही. शंभर जणांना वर्षानुवर्षं गोळी द्यावी तेव्हा त्यातल्या काहींचाच झटका टळतो. बाकीच्यांची गोळी न् तपासणी हा खर्चच. वाचलेला माणूसही पुढे मोतीबिंदू, गुडघे घेऊन येतोच. येऊ दे ना. पैसे वाचवायला का दवाखाने काढले?

मेव्हण्याच्या गोळ्या आता स्वस्त औषधांच्या सरकारी जनऔषधी दुकानातून येतात, निम्म्याहून कमी पैशांत. दर रविवारी मी महालात जातो आणि फ्रिजवरचा स्टीलचा डबा उघडून पट्ट्या मोजतो. गेल्या रविवारी दोन गोळ्या जास्त भरल्या. मी वर पाहिलं, तर तो पोह्यांवर दुसऱ्यांदा तर्री घेत होता.