टॉवेलाच्या वजनावरून मिळालेले पहिले काम

अपवर्क या मुक्त कामे (फ्रीलान्सिंग) मिळवून देणाऱ्या संकेतस्थळावर नव्याने खाते उघडणाऱ्याला एकाच कोड्याने ग्रासलेले असते: अभिप्राय नाहीत म्हणून काम मिळत नाही आणि काम नाही म्हणून अभिप्राय मिळत नाहीत. प्रस्ताव पाठवण्यासाठी ‘कनेक्ट्स’ नावाची तिथली टोकन खर्चावी लागतात, आणि बऱ्या जाहिरातीवर पाहता पाहता पन्नासाहून अधिक प्रस्ताव जमा होतात. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत, टॉवेल निर्यात करणाऱ्या कारखान्यातली नोकरी सोडून मी इंग्रजी मजकूरलेखन सुरू केले, तेव्हा माझी ओळख ‘सर्व प्रकारचे लेखन’ एवढीच होती आणि उत्तरे जवळजवळ येत नव्हती.

एप्रिलमधल्या एका दुपारी ब्रिटनमधल्या लहान विक्रेत्याची जाहिरात दिसली. त्याला टॉवेलांची वर्णने नव्याने लिहून हवी होती. पैसे भरण्याची त्याची पद्धत पडताळलेली आहे, हे आधी पाहून घेतले आणि मग त्याने दिलेला नमुना वाचला: ६०० जीएसएम, आकार ७० बाय १४० सेंटीमीटर, वजन ४०० ग्रॅम. कारखान्यात असे तक्ते रोज हातांखालून जात असल्यामुळे हे आकडे जुळत नाहीत, हे मला पाहताक्षणी जाणवले. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन. या टॉवेलाचे क्षेत्रफळ ०.९८ चौरस मीटर, म्हणजे ६०० जीएसएमचा टॉवेल सुमारे ५८८ ग्रॅम भरायला हवा. ४०० ग्रॅम वजन खरे असेल, तर कापड सुमारे ४०८ जीएसएमचे ठरते.

माझी पात्रता, आवड, मेहनत यांविषयी एक वाक्यही न लिहिता प्रस्तावात मी हा हिशेब मांडला. कोणता आकडा चुकीचा आहे हे इथून सांगता येणार नाही, तेव्हा एक कोरडा टॉवेल स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहावा, असे सुचवले. हलका टॉवेल लवकर वाळतो, आणि तेच त्याचे बलस्थान म्हणून लिहिता येईल, हेही जोडले. माझ्या मते त्या प्रस्तावातली सर्वांत उपयोगी ओळ हीच होती, कारण चूक दाखवणारे पुष्कळ भेटतात, पण विक्रेत्याला माल विकायचा असतो.

संध्याकाळी, म्हणजे तिकडे दुपार असताना, उत्तर आले. वजन ४०० ग्रॅमच्या आसपासच होते. जीएसएमचा आकडा त्याने पुरवठादाराच्या पत्रकातून तसाच उचलला होता. ‘टॉवेल पातळ आहे’ अशा तक्रारी ग्राहक का करत होते, हे त्याला त्या दिवशी समजले. त्याने एक वर्णन नमुन्यादाखल विनामूल्य मागितले. मी नम्रपणे नकार देऊन लहानसा सशुल्क टप्पा सुचवला आणि त्याने तो मान्य केला. टप्प्याची रक्कम एस्क्रोमध्ये, म्हणजे काम मंजूर होईपर्यंत पैसे राखून ठेवणाऱ्या खात्यात, जमा झाल्याचे दिसेपर्यंत मी एकही ओळ लिहिली नाही. (त्याच संध्याकाळी दुसऱ्या एकाने टेलिग्रामवर यायला सांगून अनामत रक्कम मागितली होती. काम देणारा कामगाराकडून पैसे मागत नाही, म्हणून तो संदेश मी तक्रार नोंदवून बंद केला.)

रात्रभर बसून वर्णने पूर्ण केली. त्याने ती मंजूर केली, पाच तारे दिले आणि पायपुसण्यांची यादीही माझ्याकडेच पाठवली. मी खात्यावरचे ‘सर्व प्रकारचे लेखन’ काढून तेथे ‘टॉवेल आणि घरगुती कापडाची उत्पादनवर्णने’ असे लिहिले. पुढचे प्रस्ताव त्याच जाहिरातींना पाठवले, ज्यांतला माल मी हाताळलेला होता.