आम्ही दोघं, पन्हाळा ते पावनखिंड
सकाळी पन्हाळ्यावर बाजीप्रभूंच्या पुतळ्याला हात जोडले आणि मी न हे चालायला लागलो, पाऊस लई होता, मसाई पठारावर तर धुक्यात चार पावलं पुढं असलेले हे पण दिसेनात मग एकमेकाला हाका मारतच चाललो. ओढ्याला पाणी वाढलेलं, तिथं हात घट्ट धरून पलीकडं. जुलै १६६० मध्ये महाराज ह्याच बाजूनं विशाळगडाकडं निघाले, भर पावसात, रात्रीच्या अंधारात, आणि मावळे पालखी खांद्यावर घेऊन पळत होते, पळत!! चिखलातनं चालताना ते आठवलं न अंगावर काटाच आला बघा. आता करपेवाडीत मुक्काम, मावशींनी चुलीवरची गरम भाकरी न आमटी वाढली. उद्या पांढरपाणी, मग खिंड. रेंज कमी आहे, फोटो नंतर टाकते.