भिताडाला पाणी

"भिताडाला दिवसातून दोनदा पाणी, आन् आमच्या नळाला आठ दिसाला एकदा. ह्ये कुठं लिहितीस गं बाई?"

आज लातूरला एका साईटवर बिगारी काम करणाऱ्या मावशी असं म्हणाल्या आणि माझा पेन थांबला. त्या तेव्हा पाईप धरून नवीन बांधकामावर पाणी मारत होत्या आणि मी पीएचडीच्या सर्व्हेचा फॉर्म भरून घेत होते, मजुरी किती, कामाचे तास किती, धुळीचा त्रास होतो का. पाण्याचा प्रश्न होता पण तो साईटच्या पाण्याचा, टँकर किती लागतात वगैरे, मावशींच्या घरच्या पाण्याचा रकानाच नव्हता.

बरं, क्युरिंग, म्हणजे नव्या बांधकामावर असं पाणी मारणं, चुकीचं नाहीच. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला निदान 7 दिवस तरी ओलं ठेवावंच लागतं, नाहीतर तडे जातात, ताकद येत नाही. पण हे लातूर आहे हो, 2016 ला इथं मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. मावशी तेव्हाही बांधकामावरच होत्या म्हणे.

निघताना बघितलं, त्यांनी दोन कॅन भरून जिन्याखाली ठेवले होते, वर पोत्याचा तुकडा झाकून. मी बघतेय म्हणल्यावर पटकन म्हणाल्या, "मालकाला इचारलंय."

मी तर काहीच विचारलं नव्हतं.

घरी येऊन फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्यांचं वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवलंय. आता गाईडना काय सांगू, झालेले सगळे फॉर्म पुन्हा भरायचेत म्हणून?