तळलेली मासळी आणि घरी जमलेली मंडळी: माझा अनुभव

घरी दहा-बारा माणसांना मासे तळून खाऊ घालायचे ठरवले, तेव्हा कोणता मासा तळायचा यापेक्षा तो वाढायचा कसा, याचा विचार मी आधी केला. तळलेला मासा फार वेळ चांगला राहत नाही. कढईतून काढल्यावरही तुकडीच्या आतून वाफ निघत राहते, ती बाहेरच्या कुरकुरीत आवरणात शिरते आणि दहा-पंधरा मिनिटांत ते आवरण मऊ पडू लागते. म्हणून सगळे मासे आधी तळून ठेवायचे आणि मग सर्वांनी एकत्र जेवायला बसायचे, हा नेहमीचा क्रम मी या बेतापुरता बाजूला ठेवला. जसजसा घाणा निघेल तसतसा तो ताटल्यांत जाईल, मंडळी स्वयंपाकघराच्या आसपास उभ्यानेच खातील, आणि गप्पा खाण्याच्या आधी किंवा नंतर नव्हे तर खाता-खाताच होतील, असे बोलावतानाच सर्वांना सांगून टाकले. पुढची सगळी तयारी या एका निर्णयावरून ठरत गेली.

मुख्य खाणे मासळीच असल्यामुळे माणशी पाव किलो साफ केलेले मांस धरले, म्हणजे बारा जणांना तीन किलो. हा हिशोब साफ केलेल्या मांसाचाच करावा, कारण अख्ख्या माशाचे डोके, पर, आतडी, कातडी आणि मधला काटा काढल्यावर हाती येणारे मांस मूळ वजनाच्या निम्म्याहूनही कमी भरू शकते. मधल्या काट्यासकट आडव्या तुकड्या पाडल्या तर घट बरीच कमी होते आणि काट्यालगतचे मांस अधिक रसदारही राहते. तरीही मी बिनकाट्याचेच काप घेतले. उभ्याने, बोलत-बोलत खाणाऱ्या माणसाचे काट्याकडे लक्ष राहत नाही, आणि मंडळींत लहान मुलेही होती. प्रत्येक कापावरून बोटाचे टोक उलटसुलट फिरवून राहिलेले बारीक काटे चिमट्याने ओढून काढले. घशात काटा अडकला तर भाताचा किंवा केळ्याचा मोठा घास गिळण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. त्याने काटा आणखी खोल रुतू शकतो, त्यामुळे काटा निघत नसेल तर सरळ डॉक्टरांकडे जावे.

तळण्यासाठी कमी चरबीचा, पांढऱ्या आणि घट्ट मांसाचा मासा मला योग्य वाटतो. तेलकट मासा भाजून किंवा थोड्या तेलावर परतून अधिक चांगला लागतो, कारण त्याची स्वतःची चरबीच पुरेशी असते. निवडताना डोळे स्वच्छ आणि फुगीर आहेत ना, कल्ले लाल आहेत ना, बोटाने दाबलेले मांस पुन्हा वर येते ना, हे पाहिले. मात्र या सगळ्यांपेक्षा माझा विश्वास वासावर अधिक आहे. ताज्या माशाला पाण्याचा, समुद्राचा हलका वास असतो. ज्याला आपण माशाचा उग्र वास म्हणतो तो नंतर येतो. समुद्री माशांच्या मांसात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचा गंधहीन पदार्थ असतो आणि मासा मेल्यावर जंतू त्याचे ट्रायमिथाइलअमाइन करतात, त्याचा तो वास असतो. लिंबू किंवा व्हिनेगर लावल्याने हा वास कमी होतो, कारण आम्लाशी संयोग झाल्यावर तो पदार्थ सहजी हवेत उडत नाही. मात्र त्यामुळे शिळा मासा ताजा होत नाही.

घरी आणल्यापासून कढईत जाईपर्यंत मासा थंड राहिला पाहिजे, याबाबतीत मी कोणतीही सवलत घेतली नाही. पुष्कळ मासे मुळात थंड पाण्यात राहणारे असतात, त्यामुळे त्यांच्यावरचे बरेचसे जंतू फ्रिजमधल्या थंडीतही आपले काम करत राहतात. म्हणून फ्रिजमध्येही मासा बर्फावर, आणि वितळलेले पाणी खाली निथळून जाईल अशा जाळीवर ठेवावा. ट्यूना, बांगडा अशा माशांच्या बाबतीत तर धोका आणखी वेगळा आहे. ते उबेत राहिले की त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होते, आणि एकदा तयार झालेले हिस्टामिन तळल्याने नष्ट होत नाही. अंगावर लाली, डोकेदुखी, उलट्या असा त्रास त्यातून होऊ शकतो आणि चवीवरून ते नेहमीच कळते असे नाही. गोठवलेला मासा घेतला असेल तर तो आदल्या रात्री फ्रिजमध्येच सुटू द्यावा, ओट्यावर नव्हे.

आता ज्या कामाला मी सर्वांत जास्त वेळ दिला त्याबद्दल सांगतो: मासा कोरडा करणे. मसाला काय लावला हे प्रत्येक जण विचारतो, पण तळण खरपूस होते की नाही हे बरेचसे ओलाव्यावर ठरते. पाण्याची वाफ व्हायला फार उष्णता लागते; एका लिटर तेलात जेमतेम दहा ग्रॅम जादा पाणी गेले, तरी त्याची वाफ करण्यातच ते तेल सुमारे बारा अंशांनी उतरते. त्यात पृष्ठभाग ओला असेपर्यंत त्याचे तापमान 100 अंशांच्या फार वर जात नाही आणि तळणीचा तो तांबूस रंग व खमंग वास यायला साधारण 140 अंश तरी लागतात. म्हणजे ओला मासा तेलात आधी उकडतो आणि मग तळला जातो, आणि तोवर आतले मांस कोरडे पडते. म्हणून धुतलेले काप स्वच्छ कपड्यावर पसरून दोन्ही बाजूंनी टिपले, त्यांना मीठ चोळून वीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवले, मिठाने ओढून काढलेले पाणी पुन्हा टिपले आणि मगच मसाला लावला. या वीस मिनिटांच्या मिठाने मांस थोडे घट्ट होते आणि उलटताना तुटत नाही, हा त्याचा दुसरा फायदा. लिंबाचा रस अगदी शेवटी आणि थोडाच लावला. माशाचे स्नायुतंतू आखूड असतात आणि त्यांना धरून ठेवणारी ऊतीही नाजूक असते, त्यामुळे आम्लात फार वेळ मुरवलेला मासा न शिजवताच पांढरट आणि भुसभुशीत होऊ लागतो.

आवरणाच्या बाबतीत मते अनेक आहेत. माझे मत तांदळाच्या पिठाच्या बाजूचे आहे. त्यात ग्लुटेन नसल्यामुळे ते चिवट होत नाही आणि त्याचा कुरकुरीतपणा मैद्यापेक्षा जास्त वेळ टिकतो. त्यात थोडे मक्याचे पीठ मिसळले की रंगही चांगला येतो. पातळ पिठात बुडवून तळायचे असेल तर ते बर्फाच्या पाण्यात, ऐन वेळी आणि फारसे न घोटता कालवावे. मी कोरडेच पीठ लावले, कारण तुकड्या एकामागून एक तळायच्या असताना ते सुटसुटीत पडते. पीठ लावल्यावर प्रत्येक काप झटकून घेतला. सुटे पीठ तेलात पडून जळते आणि मग तिसऱ्या-चौथ्या घाण्यापासून सगळ्याच तुकड्यांना कडू चव येते. पीठ लावलेले काप साठवूनही ठेवले नाहीत. एका घाण्यापुरतेच लावायचे, तो कढईत गेला की पुढच्याला लावायचे.

कढई खोल आणि जाड बुडाची घेतली आणि ती निम्म्यापेक्षा कमीच भरली, कारण मासा पडला की तेल फसफसून वर येते. शुद्ध केलेले शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेल या कामाला चांगले; ते साधारण 230 अंशांच्या आसपास धूर सोडते आणि आपल्याला लागते 175 ते 190 अंश, म्हणजे मध्ये पुरेसे अंतर राहते. तेलाचा थर्मामीटर वापरावा, असे मी आग्रहाने सांगेन. पिठाची चिमूट टाकून अंदाज घेता येतो, पण बारा माणसे बोलत असताना आणि घाण्यामागून घाणा निघत असताना हा अंदाज डळमळतो. तेल 185 अंशांवर आल्यावर थोड्याच तुकड्या, स्वतःपासून दूर अशा अलगद सोडल्या. माझ्या कढईत तापमान 170 पर्यंत उतरत असे. त्याखाली जाऊ लागले तर पुढच्या घाण्यात एक तुकडी कमी. कढई भरून टाकण्याचा मोह मंडळी समोर उभी असताना फार होतो, परंतु तेल थंडावले की आवरण पटकन धरत नाही आणि तुकडी तेलकट होते.

तळताना मी तुकडीपेक्षा बुडबुड्यांकडे जास्त पाहतो. बुडबुडे म्हणजे माशातून निघणारी वाफ, आणि ती जोरात बाहेर येत असेपर्यंत तेलाला आत शिरायला वाव मिळत नाही. सुरुवातीचा जोरदार तडतडाट मंदावून आवाज बारीक झाला की पृष्ठभागावरचे पाणी गेले असे समजावे. दोन सेंटिमीटर जाडीच्या कापाला एकूण चार-पाच मिनिटे पुरतात. आतले मांस पारदर्शक न राहता पांढरे झाले आणि सुरीच्या टोकाने त्याच्या पाकळ्या सुटू लागल्या की मासा झाला. थर्मामीटरने पाहायचे तर मध्यभागी 63 अंश. सगळे काप एकाच जाडीचे ठेवण्याचा आग्रह याचसाठी होता. शेपटीकडचे पातळ काप वेगळे काढून त्यांचा स्वतंत्र घाणा केला आणि तो मुलांना आधी दिला.

तळणात तेल शिरते ते मुख्यतः बाहेर काढल्यानंतर, कारण तुकडी निवू लागली की आतली वाफ आकसते आणि पृष्ठभागावरचे तेल आत ओढले जाते. म्हणून झारा कढईवरच क्षणभर धरून हलकेच झटकायचा आणि तुकडी तारेच्या जाळीवर ठेवायची. कागदावर ठेवलेल्या तुकडीच्या खाली वाफ कोंडते आणि ती बाजू ओली होते. जाळीखाली हवा खेळती राहते. दोन घाण्यांमध्ये तेल पुन्हा 185 वर यायला तीन-चार मिनिटे लागत आणि त्या वेळात आधीचा घाणा खाऊन संपत असे. या लयीमुळेच हा बेत जमून आला, असे मला वाटते. माझी मावशी पीठ लावायला उभी राहिली, मी तळत होतो आणि एक भाचा जाळीवरच्या तुकड्या ताटल्यांत पोहोचवत होता. ‘मावशी, पुढचा घाणा आमच्याकडे’, असे म्हणत मुले तिच्या अवतीभवती घुटमळत होती आणि कोणालाही वाट पाहिल्याचे वाईट वाटत नव्हते, कारण वाट पाहणे आणि एकत्र बसणे यांत त्या संध्याकाळी फरकच उरला नव्हता. सोबतचे पदार्थ मुद्दाम थंड खाता येतील असेच केले होते: कोशिंबीर, आंबट चटणी, पाव. ते दुपारीच तयार करून ठेवल्यामुळे चुलीवर दुसरे काहीच नव्हते.

आधी प्रत्येकाला एक प्रश्न विचारला होता: मासे, कोळंबी, अंडे, गहू यांपैकी कशाची अ‍ॅलर्जी आहे का? माशातले ज्याची अ‍ॅलर्जी होते ते प्रथिन तळल्यानेही नाहीसे होत नाही आणि तेलातून दुसऱ्या पदार्थात उतरू शकते. एका पाहुणीला कोळंबी चालत नव्हती, म्हणून तळणीतून कोळंबी पूर्ण वगळली. वेगळी कढई ठेवूनही गर्दीत झारे अदलाबदल होतात. कच्च्या आणि तळलेल्या माशाची भांडी, चिमटे व हात वेगळे ठेवण्याचा नियमही सर्वांना सांगितला होता.

आणि आगीचे. घरात माणसे जमलेली असताना तापलेली कढई सोडून एक पाऊलही बाजूला जायचे नाही. कढईत बसेल असे घट्ट झाकण हाताशी ठेवले होते. तेलाने पेट घेतलाच तर आच बंद करायची, झाकण सरकवून ज्वाळा कोंडायची आणि कढई हलवायची नाही. त्यावर पाणी तर कधीच ओतायचे नाही. ते तेलाखाली जाऊन क्षणात वाफ होते, त्या वाफेचे आकारमान पाण्याच्या सुमारे 1700 पट होते आणि पेटते तेल सगळीकडे उडते. चुलीपासून काही फुटांवर खुर्च्यांची आडवी रांग लावून मुलांना तिच्यापलीकडे ठेवले. मुलांना तेवढी सीमा लगेच समजली.

वास घरात मुरू नये म्हणून तळायला सुरुवात करण्याआधीच समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या, पंखा बाहेर हवा फेकेल असा लावला आणि झोपण्याच्या खोल्यांची दारे बंद केली. शेवटच्या घाण्यानंतर तेल कढईतच पूर्ण निवू दिले. दुसऱ्या दिवशी ते बारीक कापडातून गाळले, रंग अजून फिकाच होता म्हणून काचेच्या बाटलीत भरून त्यावर ‘मासे’ अशी चिठ्ठी लावली आणि अंधाऱ्या, थंड जागी ठेवले. त्यात दुसरे काही तळले तर माशाचा वास लागणारच. तळाशी राहिलेला गाळ आणि काळपट तेल मोरीत न ओतता कागदात शोषून कचऱ्यात टाकले, कारण ते नळीत थिजून बसते. तळलेला एकही तुकडा उरला नव्हता. पीठ न लावलेले चार काप बर्फावर होते, ते दुसऱ्या दिवशी दुपारी रश्शात गेले.