मशीन थांबलं की

दुपारी जेवून पडवीत आडवा झालो होतो. डोळा लागायच्या बेतात होता, आणि पलीकडच्या बागेतलं ग्रास कटर बंद पडलं.

म्हणजे बघा, सकाळी आठपासून ते मशीन घोंघावतंय. त्या आवाजात मी चहा प्यायलो, दोन मीटिंगा केल्या, आमटीभात खाल्ला, काही म्हणजे काही वाटलं नाही. आणि बंद पडल्याबरोबर झोप उडाली. आता कान तिकडेच. पेट्रोल संपलं? कापायची नायलॉनची दोरी तुटली? की... हा तिसरा 'की' आमच्याकडे कोणी पुरा करत नाही. पाऊस ओसरायच्या दिवसांत गवतात फुरसं असतं, घोणस असते, आणि नाव काढलं की येतं असं आईचं म्हणणं. ती 'लांबडं' म्हणते. तेही हळू आवाजात.

आमच्या राजापूर तालुक्यात या आवाजाचे दोन मोसम. एकदा गणपतीच्या आधी, चाकरमानी यायचे म्हणून वाटा आणि पाखाड्या साफ करायला, आणि मग पाऊस जरा मागे सरला की आंबा-काजूच्या बागांची बेणणी. दुसऱ्या मोसमात तर एका वेळी चार-पाच मशीनं ऐकू येतात आणि सवयीने आवाजावरून कळायला लागतं कोण काय कापतोय ते. नुसतं गवत असलं की एक सूर. रानमोडीच्या जून बुंध्याला पातं लागलं की आवाज घोगरा होऊन खाली बसतो, चढावर दम लागलेल्या एस्टीसारखा, आणि बुंधा तुटला की सुटतो परत वर. गडी नवा असेल तर ट्रिगर कायम दाबलेला, मोकळ्या हवेत पण. पेट्रोल मालकाचं असलं की जुने गडी पण नवे होतात, ते सोडा.

माझ्याकडेही आहे. 52 सीसीचं, टू स्ट्रोक, बाजारात ज्याला सरसकट 'चायना' म्हणतात ते. बेणणीला माणूस मिळेना, मिळाला तर 'पुढच्या आठवड्यात येतो' म्हणायचा, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यापर्यंत गवत माझ्या कमरेला लागायचं. शेवटी घेतलं. दुकानदाराने गिऱ्हाइकाला नाही, होणाऱ्या जावयाला सांगावं तसं दोनदा सांगितलं, एक लिटर पेट्रोलला 40 मिली ऑईल, लग्नाची तारीख विसरलात तरी चालेल हे विसरू नका. मी खोकल्याच्या औषधाचं 10 मिलीचं टोपण घेतलंय, चार टोपणं मोजून टाकतो. तरी दर वेळी तिसऱ्या आणि चौथ्या टोपणाच्या मधे शंका येते, हे तिसरं होतं की चौथं. बिनऑईलचं गेलं तर पिस्टन जाम, मग बाटली उजेडात धरून पेट्रोलला रंग आलाय का बघत बसायचं. एकदा मला तसं बघताना शेजारच्या काकांनी पाहिलं आणि वाडीत वेगळीच बातमी गेली.

चालू करणं हा तर विधीच. तो पारदर्शक रबरी बुडबुडा सात-आठ वेळा दाबायचा, आत पेट्रोल चढताना दिसलं पाहिजे. चोक, म्हणजे हवेची झडप, बंद करायचा. मशीन पायाने जमिनीशी दाबून चालू करायची दोरी ओढायची, एक, दोन, तीन. मग एकदम 'फट्' असा एकच खोकला येतो. इथेच खरी परीक्षा. खोकला आला की लगेच चोक उघडायचा आणि मग ओढायचं. माणूस हावरट असतो, त्याला वाटतं आता आलंच, आणि तो चोक न उघडता ओढतच राहतो, मग प्लग पेट्रोलने ओला होतो आणि मशीन रुसतं ते रुसतंच. प्लग काढा, पुसा, उन्हात ठेवा, बिडी असेल तर ओढा. त्यात मागच्या वर्षीचं पेट्रोल टाकीत राहिलेलं असलं तर विचारूच नका, आता पेट्रोलमधे 20 टक्के इथेनॉल, ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि कार्बोरेटरचं पंचामृत होतं.

पण एकदा का ते खांद्याला अडकवलं आणि सुरू झालं, की खरं सांगतो, मला फार बरं वाटतं. गवत कापलं जातं म्हणून नाही हं. मला कोणी हाक मारू शकत नाही म्हणून. फोन घरात, कानात कापूस, समोर हिरवं, आणि पुढचे दोन तास माझं कोणाशी काही देणंघेणं नाही. गावात राहणाऱ्या माणसाला एकांत असतो असं शहरातल्यांना वाटतं. कसला एकांत, सकाळी सहाला खळ्यात उभं राहून दात घासताना पण तीन जण विचारतात, आज काय बेत? मशीन चालू असताना कोणी काही विचारत नाही. आईने मात्र तोड काढलीये. खळ्यात उभी राहून लाल टॉवेल हलवला की जेवायला ये, दोन्ही हात डोक्यावर धरले की पाहुणे आलेत. पाहुण्यांची खूण मला कधी कधी दिसत नाही.

बाकी सुख असं काही नाही त्यात. अर्ध्या तासात नडग्या हिरव्या होतात, लाजाळूचे काटे पँटमधून आत जातात. गवतात शेणाचा पो लपलेला असतो आणि तो दोरीला लागला की काय होतं हे एकदा अनुभवलेला माणूस गॉगल कधी विसरत नाही. तोंड मिटायलाही. काम संपवून चहाला बसलं की कप बशीवर खडखड वाजतो, हात आपले आपण थरथरत असतात, वाटतं मशीन अजून आत कुठेतरी चालूच आहे. आणि जांभ्याचे खडे उडतात ते वेगळेच. पुस्तिकेत लिहिलंय की 15 मीटरच्या आत कोणी नसावं. कोणी नव्हतंच, दादाची नवी गाडी होती. डोंबिवलीहून रात्रभर चालवत आणलेली, गणपतीच्या आदल्या दिवशी, हार सुद्धा सुकला नव्हता. मागच्या काचेचा असा नकाशा झाला की त्यात तालुके दाखवता आले असते. मला तर कळलंही नाही, मी पुढे कापत गेलो, मागे वळलो तेव्हा सगळं घर दोन्ही हात डोक्यावर धरून उभं होतं आणि मला वाटलं, एवढे कोण पाहुणे आले?

दादा अजून ती काच काढतो. म्हणजे विषय काढतो.

हे यंत्र पहिल्यांदा कोणाच्या डोक्यात आलं ते मधे एकदा शोधलं. अमेरिकेत टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा जॉर्ज बॅलस म्हणून एक गृहस्थ. 1971 साल, कार वॉशमधे गाडी धुवायला गेलेला, तिथे ते गोल फिरणारे नायलॉनचे ब्रश बघितले, गाडीच्या रंगाला न दुखवता सगळ्या कानाकोपऱ्यात शिरणारे. घरी येऊन त्याने पॉपकॉर्नच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडली, त्यातून मासे पकडायची दोरी ओवली आणि डबा मोटरने फिरवला. झाडांच्या बुंध्याशी अडकलेलं गवत काढायचं होतं त्याला. नाव ठेवलं 'वीड ईटर', म्हणजे आपलं गवतखाऊ.

मासे पकडायची दोरी म्हणजे आपला तंगूस! हे वाचलं आणि एकदम आजोळची खाडी डोळ्यासमोर आली, बंधाऱ्यावर पाय सोडून बसलेला मामा, आणि माझ्या बोटाला गुंडाळलेला तंगूस, मासा ओढेल म्हणून मी वाट बघतोय आणि ओढायचा तो खेकडा. त्या तंगुसाने बोट कापलं जायचं, बारीक, दिसायचं पण नाही, घरी येऊन मिठाला हात लागला की कळायचं. दिसत नाही तोवर काही झालेलं नसतं, असं तेव्हा वाटायचं.

गवताचं म्हणाल तर लहानपणी मशीन कुठलं. दसऱ्यानंतर सड्यावरचं, म्हणजे वरच्या कातळपठारावरचं, गवत पिवळं पडायला लागलं की आजी आणि वाडीतल्या सात-आठ बाया विळे घेऊन निघायच्या, आम्ही पोरं मागून पाण्याची कळशी आणि भाकऱ्या घेऊन. गुरांना वर्षभर पुरेल एवढं गवत उडवीला लागायचं. आजी आधी काठीने गवत झोडायची, लांबड्याला 'मी आले, तू जा' सांगायला, आणि मगच वाकायची. डाव्या हाताने मूठ धरायची, उजव्याने विळा, खस्स. मूठ, खस्स, मूठ, खस्स, आणि तोंड चालू. कोणाच्या सुनेने काय केलं, कोणाची म्हैस आटली, कोणाच्या पोराची मुंबईहून मनिऑर्डर आली नाही. वाडीची सगळी बातमीपत्रं त्या सड्यावर तयार व्हायची, आणि हात एकदाही थांबायचा नाही.

म्हणजे थांबायचा. मधेच. बोलणं चालू आणि मूठ धरलेला डावा हात एकदम सैल. मी बघायला जायचो तर त्या मुठीत गवताबरोबर करांद्याच्या कंदाचा वेल आलेला असायचा. ती तो हळूच सोडवून बाजूला करायची, दोन काड्या रोवून खूण ठेवायची आणि पुढे. बघितलेलं नसायचं तिने, बघत ती शेजारणीकडे असायची. मी विचारलं तर म्हणाली, पानाचा हात लागतो. म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं नाही, आणि पुढे थंडीत ते करांदे उकडून मिठाबरोबर खाताना कळायची गरजही वाटली नाही.

मशीनला डावा हात नाही. म्हणजे डावा हात आहे, तो पण हँडल धरायला. टोकाला दीड मीटर लांब काय चाललंय ते हाताला कळतच नाही, सगळं एकच थरथर. गवत, टाकळा, लाजाळू, बेडूक, सगळ्याची थरथर तीच.

तर ते काजूचं कलम. आईने आणलेलं, वेंगुर्ला-4, घरामागे गडग्याच्या कडेला लावलेलं, दोन वर्षांचं, माझ्या छातीएवढं. बुंध्याशी गवत फार माजलेलं. पातं लावलं तर कलमच उडेल म्हणून मुद्दाम दोरी लावली, हुशारी बघा, आणि चारी बाजूंनी फिरवून अगदी साफ केलं. सालीला थोडं लागलं होतं. थोडंच. गोल. झाडाला काही झालेलं दिसत नव्हतं, पानं हिरवीगार, पंधरा दिवसांनी तर नवी पालवी आली. मी आईला म्हटलंसुद्धा, गवत काढल्याबरोबर बघ कसं फुटलं. दिवाळी झाली आणि ते वाळायला लागलं. पाणी आतल्या लाकडातून वर चढतं, त्यामुळे पानांना काही महिने पत्ताच नसतो. अन्न सालीतून खाली उतरतं, तो रस्ता मी सगळीकडून बंद केला होता, आणि खाली मुळं उपाशी मरत होती. वर पालवी.

आई काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तिने त्या वाळक्या काठीवर पावट्याचा वेल सोडला, आणि पावटा बाकी चांगला झाला.

तेव्हापासून मी एकाही झाडाच्या जवळ मशीन नेत नाही. हातभर गवत गोल ठेवतो आणि बाकी कापतो, मग संध्याकाळी विळा घेऊन बसतो एकेका झाडाशी, मूठ धरून. वेळ फार जातो. निम्म्या झाडांचं राहून जातं आणि आमची बाग म्हणजे झाडाझाडाला दाढ्या ठेवल्यासारखी दिसते, वाटेने जाणारे येणारे हसतात. काका म्हणाले, सरळ माणूस घाल, असली अर्धवट कामं कशाला. बरोबरच आहे. पण त्या विळ्याच्या कामात माझी पाठ दुखत असली तरी मला अजून करांद्याचा वेल एकदाही हाताला लागलेला नाही, दर वेळी कापून झाल्यावरच दिसतो.

हे सगळं आठवेपर्यंत पलीकडे शांतताच. दहा मिनिटं तरी झाली असतील. उठावं का, बघून यावं का, एवढा वेळ थांबलं म्हणजे...

ओढली. दोरी ओढली कोणीतरी. एकदा. दोनदा. आणि तो 'फट्'. आला खोकला! आता चोक उघड बाबा. परत ओढली. परत. परत. नाही उघडलेला. ओला केला प्लग त्याने, मला इथे पडवीत कळतंय. जाऊन सांगावं म्हणून उठून बसलो, खळ्यात ऊन बघितलं, आणि परत आडवा झालो. चार वाजता चहा घेऊन जाईन म्हणतो. तोवर प्लग पण वाळेल.