बाईंची रेघ

मंगळवार, रात्री

काल बाईंनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि मी काढलेल्या कपाच्या बुडाशी एक रेघ ओढली. एकच. "आता बसला बघ टेबलावर," म्हणाल्या आणि पुढच्या मुलीकडे गेल्या.

कप खरंच बसला. तेच लागलं मला.

तीन आठवडे हाच कप काढते आहे. कडेचा टवका उडालेला, तोच. दुसरा घे म्हणाले सगळे. का नाही घेतला ते राहू दे.

घरी आल्याआल्या रेघ खोडली. रेघ गेली, पण पेन्सिल एच होती, टणक, आणि बाईंचा हात जड. कागदावर खाच राहिली. त्यावरून ४बीच्या मऊ पेन्सिलीने सावली भरायला गेले तर ग्रॅफाइट खाचेत उतरेचना, वरच्या वर निघून गेलं. काळ्यात एक पांढरी रेघ उठून दिसायला लागली, खोडण्याआधी होती त्याहून ठळक. वही मिटली. या वयात कशाला हे सगळं, कुणी सांगितलंय, असं बराच वेळ चाललं होतं मनात. थोडं रडूही आलं.

आज पुन्हा बसले. कप कागदावर ठेवून बुडाभोवती पेन्सिल फिरवून घेतली, म्हणजे हलला तरी परत तिथेच ठेवता येईल. मोरांदी हा इटालियन चित्रकार (१८९०–१९६४) आयुष्यभर त्याच त्या बाटल्या आणि बरण्या रंगवत राहिला, तोही टेबलावर अशा खुणा करून ठेवायचा. ते आठवून बरं वाटलं. मग उभी मध्यरेषा. हात कोपरात ताठ, एक डोळा मिटलेला, पेन्सिलीवर अंगठ्याने माप. कपाचं तोंड जेवढं रुंद, त्याच्या पाव त्याच्या पुढच्या आणि मागच्या कडेतलं अंतर दिसत होतं. म्हणजे ४ ला १. बूड नजरेच्या आणखी खाली, म्हणून त्याचं लंबवर्तुळ तोंडापेक्षा जास्त गोल यायला हवं. तिथे ३ ला १ भरलं. मी तीन आठवडे ते जवळपास सरळ काढत होते. टेबल सपाट, म्हणून बूडही सरळ, असं हाताने परस्पर ठरवून टाकलं होतं.

बुडाचा बाक नव्याने काढला. दोन्ही टोकांना तो बाईंच्या खाचेला मिळाला, पण मधोमध खाच दोन-अडीच मिलिमीटर खाली राहिली. पुन्हा मोजलं. तेवढंच. पुन्हा मोजलं.

मग एकदम लक्षात आलं. बाई उभ्या होत्या.

उठले. खुर्चीच्या मागे उभी राहिले, त्या वाकल्या होत्या तितकी वाकले आणि पाहिलं. तिथून बूड अगदी खाचेएवढं गोल दिसत होतं. नजर वर गेली की लंबवर्तुळ उघडतं, पहिल्याच दिवशी शिकवलं होतं त्यांनीच. त्यांनी त्यांना दिसला तो कप काढला होता. मला दिसणारा अजून कुणीच काढलेला नव्हता, मीसुद्धा नाही.

लागलं होतं ते लागलंच होतं, ते काही यामुळे पुसलं गेलं नाही. पण संध्याकाळभर मान वर केली नाही. दिवा डावीकडून, थोडा मागून येतो. कप टेबलाला टेकतो त्या सांध्यात पडछाया सगळ्यांत काळी आहे, आणि खाच नेमकी त्या पट्ट्यात आली. एचबीला सुईसारखं टोक काढलं आणि खाचेच्या आतून हळूहळू चालवलं. भरली बरीचशी. मध्ये नखाएवढी पांढरी राहिली आहे, ती तशीच ठेवली.

शुक्रवारी वर्गात कप बरोबर नेणार आहे, खुणेच्या कागदासकट. आणि बाईंना म्हणणार आहे, जरा माझ्या खुर्चीवर बसून बघता का?