लूप कुठे बंद करायचा? सीएनसी कंट्रोलर निवडतानाचा माझा अनुभव

माझ्या सीएनसी (संगणकाच्या हुकमाने चालणाऱ्या) मिलिंग मशीनवर जॉबमधलं चौथं पॉकेट, म्हणजे कोरलेला खळगा, सरकलं होतं. डायल गेज लावून मोजलं, तर बरोबर 0.3 मिमी. स्क्रीनवर मात्र X अक्ष जिथे असायला हवा तिथेच होता.

तो आकडा पाहून मला हायसं वाटलं, कारण त्यातच चोर सापडला होता. 1.8 अंशांची स्टेपर मोटर (प्रत्येक पल्सला एक ठरलेलं पाऊल टाकणारी) ताल चुकली की पूर्ण चार स्टेपच्या पटीतच चुकते. एका फेरीत 200 स्टेप आणि माझ्या बॉलस्क्रूचा लीड (एका फेरीत टेबल सरकतं ते अंतर) 5 मिमी, म्हणजे चार स्टेपला 0.1 मिमी. कपलिंग घसरलं असतं तर 0.27 किंवा 0.34 असं काहीही आलं असतं. नेमका 0.3 आला, म्हणजे मोटरनेच स्टेप खाल्ल्या होत्या. मोटरना हुकूम देणाऱ्या कंट्रोलरला याचा पत्ताच नव्हता. त्याने पल्स पाठवले आणि काम झालं असं धरून चालला. कागदावर सही केली की रस्ता झाला असं समजणारे साहेब असतात, त्यातलाच प्रकार.

पहिला उपाय सगळे करतात तोच केला. मागच्या टोकाला 1000 लाइनचा एन्कोडर (मोटर किती फिरली ते मोजणारा) असलेल्या क्लोज्ड लूप स्टेपर, म्हणजे फिरणं मोजून चूक भरून काढणाऱ्या, आणि त्यांना करंट देणारे ड्राइव्ह बसवले. चार पटीने मोजून फेरीला 4000 काउंट. मोटर मागे पडली की ड्राइव्ह तिला ओढून जागेवर आणतो. दोन आठवडे मी खुशीत होतो.

मग एक दिवस चिप साचून Y अडकला. ड्राइव्हने जोर लावून पाहिला, फरक मर्यादेबाहेर गेला तसा लाल दिवा लावला आणि मोटर सोडून दिली. X आणि Z आपले चालूच, कारण Y गेलाय हे कंट्रोलरला कुणी सांगितलंच नव्हतं. ड्राइव्हवर अलार्मचं टर्मिनल होतं, मी वायरच जोडली नव्हती. एंडमिल मोडली, जॉब गेला. चूक शंभर टक्के माझी.

तिन्ही अलार्म कंट्रोलरच्या इनपुटवर आणले आणि तो प्रश्न मिटला. पण त्या संध्याकाळी एक गोष्ट डोक्यात बसली. 'क्लोज्ड लूप' म्हटलं की लूप कोणामध्ये, हे आधी विचारायचं. माझा लूप ड्राइव्ह आणि मोटर यांच्यात बंद होत होता. कंट्रोलर त्याच्या बाहेर होता आणि टेबल तर त्याहून बाहेर. माझं मत विचाराल तर बहुतेकांनी इथेच थांबावं. अलार्म नीट जोडला तर एवढ्यात भागतं.

मी थांबलो नाही, कारण स्क्रूमध्ये 0.04 मिमी प्ले (ढिलेपणा) होता आणि X व Y वर डीआरओसाठी (पोझिशन दाखवणारा डिजिटल डिस्प्ले) 5 मायक्रॉनच्या ग्लास स्केल, म्हणजे टेबलाचं सरकणं थेट मोजणाऱ्या काचेच्या पट्ट्या, आधीपासून होत्या. टेबल खरं कुठे आहे हे सांगणारी वस्तू मशीनवर लावलेली असताना कंट्रोलरने तिच्याकडे बघूही नये, हे मला सलत होतं.

आता कंट्रोलर. जीआरबीएल हे छोट्या मशीनचं कंट्रोल सॉफ्टवेअर पहिल्याच फेरीत बाद, कारण त्यात एन्कोडरचं फीडबॅक वाचण्याची सोयच नाही. माक3 हे पीसीवरचं सॉफ्टवेअर एन्कोडरचा आकडा दाखवतं, पण पोझिशन लूप स्वतः बंद करत नाही. ते काम करणारं वेगळं हार्डवेअर खाली लावावं लागतं. इथरकॅट या ड्राइव्ह जोडणाऱ्या नेटवर्कचा मोह बराच झाला. एकाच केबलवर सगळे ड्राइव्ह, दर चक्राला कंट्रोलर लक्ष्य पाठवतो आणि ड्राइव्ह खरी पोझिशन परत देतो. पण नेहमीच्या सीएसपी मोडमध्ये (कंट्रोलर फक्त लक्ष्य पोझिशन पाठवतो तो) पोझिशन लूप ड्राइव्हमध्येच राहतो, आणि माझ्या स्केल जोडायच्या तर दुसरा एन्कोडर घेणारेच ड्राइव्ह शोधावे लागले असते.

उरलं लिनक्ससीएनसी हे पीसीवर चालणारं कंट्रोलर सॉफ्टवेअर. याचं मूळ अमेरिकेतल्या एनआयएसटी या संस्थेच्या 1990च्या दशकातल्या ईएमसी प्रकल्पात आहे. माझ्यासाठी महत्त्वाचं होतं ते त्यातलं एचएएल, म्हणजे सिग्नल हवे तसे जोडू देणारा थर. पीआयडी, म्हणजे फरक बघून मोटरला काय हुकूम द्यायचा ते ठरवणारं गणित, तिथे सुटा ठोकळा म्हणून मिळतो. कुठला एन्कोडर कुठल्या ठोकळ्याला द्यायचा ते आपण ठरवायचं. नवख्याला याचा जाच होतो हे खरं. मला नेमकं तेच हवं होतं.

कार्ड निवडलं ते गणित करून. स्टेपर काढून मी ±10 व्होल्टच्या सिग्नलवरून वेग ठरवणारे सर्व्हो मोटरचे ड्राइव्ह लावणार होतो, मोटरला 2500 लाइनचा एन्कोडर, म्हणजे फेरीला 10,000 काउंट. 6000 मिमी प्रति मिनिट हवे असतील तर 5 मिमी स्क्रूवर सेकंदाला 20 फेऱ्या, म्हणजे सेकंदाला 2 लाख काउंट. पॅरलल पोर्टवर सॉफ्टवेअरने हे मोजणं विसरा. म्हणून मोजणी हार्डवेअरमध्ये करणारं मेसाचं 7आय77 आणि त्याच्या जोडीचं एफपीजीए (हवी तशी घडवता येणारी चिप) कार्ड घेतलं. सहा एन्कोडर इनपुट, सहा अॅनालॉग आउटपुट. तीन मोटर आणि दोन स्केल मिळून पाच, एक शिल्लक.

पीसीने थोडा वेळ खाल्ला. सर्व्हो थ्रेड, म्हणजे लूपचं गणित करणारं काम, दर 1 मिलिसेकंदाला वेळेवर चालायला हवं, आणि लेटन्सी टेस्टमध्ये (उशीर किती होतो ते मोजणाऱ्या) मधूनच मोठा उसळा यायचा. बायोसमधलं वीज वाचवणारं सेटिंग बंद केल्यावर तो गेला.

पहिल्यांदा पॉवर दिली आणि टेबल सुसाट एका बाजूला निघालं. एन्कोडरची दिशा उलटी होती. टेबल पुढे गेलं की कंट्रोलरला वाटायचं मागे गेलं, म्हणून तो आणखी पुढे ढकलायचा. फॉलोइंग एररची (हुकूम आणि खरी पोझिशन यांतल्या फरकाची) मर्यादा 1 मिमी ठेवली होती म्हणून मशीन लगेच फॉल्टवर थांबलं. सेटिंगमधल्या एन्कोडर स्केल या आकड्याचं चिन्ह उणे केलं, झालं. पुढच्या दोन अक्षांना मात्र आधी कपलिंग सोडून मोटर मोकळी फिरवली.

खरी मजा ट्यूनिंगला, म्हणजे पीआयडीचे आकडे जुळवताना. मी हौसेने पूर्ण पोझिशन लूप थेट ग्लास स्केलवर लावला. टेबल उभ्या जागी टक-टक करायला लागलं, दोन्ही बाजूंना, थांबेचना. कारण साधं होतं. प्लेमध्ये मोटर फिरते पण टेबल हलत नाही. स्केल म्हणते अजून पोचलो नाही, आय टर्म (पीआयडीतली चुकांची साठत जाणारी बेरीज) साठत जाते, मग प्ले संपतो आणि टेबल पलीकडे जातं. तिथून उलट दिशेने पुन्हा तेच. स्केल लावली की बॅकलॅश (हाच प्ले) आपोआप निघून जातो, हा माझा समज तिथे संपला. प्ले लूपच्या आत घेतला तर तो लूपलाच नाचवतो.

शेवटी काम वाटून दिलं. पी (आत्ताच्या चुकीच्या प्रमाणात चालणारा भाग) आणि वेगाचा फीडफॉरवर्ड (चूक होण्याची वाट न बघता आधीच दिलेला हुकूम) मोटरच्या एन्कोडरवर, स्केलकडून फक्त हळू चालणारी आय टर्म, तीही छोट्या डेडबँडसह, म्हणजे बारीक फरक सोडून देत. त्याआधी बॉलनटला प्रीलोड (आधीच दिलेला ताण) देऊन प्ले 0.01 वर आणला, जे खरं तर पहिल्या दिवशी करायला हवं होतं. टक-टक बंद झाली.

मध्ये एकदा Y थोडा थोडा सरकतोय असं वाटलं. मोटरच्या दोन इंडेक्स पल्समध्ये (फेरीला एकदा येणारी खूण) 10,000 काउंट यायलाच हवेत. स्पिंडलचा व्हीएफडी (टूल फिरवणाऱ्या मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) चालू केला की 10,003, 9,998 असं काहीतरी यायचं. त्या केबलचं शील्ड दोन्ही टोकांना तुटकं निघालं. नवी केबल टाकली, व्हीएफडीच्या वायरपासून लांब नेली, आणि आकडा 10,000 वर खिळला.

Z वर अजून स्केल नाही. तिथे मोटरचा एन्कोडर एवढाच आधार, त्यामुळे पहिलं पॉकेट झालं की मशीन थांबवून खोली मोजतो आणि मगच पुढे जातो. एक एन्कोडर इनपुट रिकामं आहे, पण हेडच्या बाजूला स्केल बसवायला सरळ जागा सापडत नाहीये.